पंचगंगेचे प्रदूषण : तक्रारीला रोजच्या नोंदीची जोड द्या

उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसाच्या सुमारास पंचगंगेत मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या वारंवार येतात. शिरोळ तालुक्यातील तेरवाड बंधारा त्यासाठीच ओळखीचा झाला आहे. नदीकाठच्या गावांनी मोर्चे काढले, अधिकाऱ्यांना जाब विचारला, उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाल्या. तरीही दरवर्षी तेच घडते. यातील एक कच्चा दुवा गावाच्या हातात आहे, तो म्हणजे पाण्याची नियमित नोंद.

पुरावा का निसटतो?

प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीच्या कृष्णा संगमापर्यंत पंचगंगेवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बरगे घातले की पाणी थांबते आणि सांडपाण्यातील गाळ तळाला बसतो. बरगे काढले किंवा पहिला लोंढा आला की हा गाळ ढवळतो. त्यातील सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातील प्राणवायू वेगाने संपतो आणि मासे गुदमरतात. पुढे धरणातून पाणी सुटले की नदी पुन्हा बरी दिसू लागते. तपासणी पथक दुसऱ्या दिवशी पोहोचले, तर नमुना ‘ठीक’ येऊ शकतो. आदल्या दिवसाचा आकडा गावाकडे नसेल, तर तक्रार तिथेच थांबते.

कोल्हापुरात कसबा बावडा (७६ दशलक्ष लिटर प्रतिदिन) आणि दुधाळी (१७ दशलक्ष लिटर प्रतिदिन) येथे सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आहेत. पण नाल्यावरचा उपसा पंप बंद पडला की पाणी प्रक्रियेविनाच नदीत जाते. खाली इचलकरंजीचे शहरी आणि कापड प्रक्रिया उद्योगांचे सांडपाणी मिसळण्याचा धोका असतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. त्यामुळे हा प्रश्न केवळ माशांपुरता नाही.

गावाने काय मोजावे?

- विरघळलेला प्राणवायू : मासे जगण्यासाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम हवा. मोजणी नदीवरच करा, बाटली घरी नेऊन नको. पहाटे हा आकडा सर्वांत कमी असतो, कारण रात्री शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, फक्त वापरते. दुपारची मोजणी फसवी ठरते. म्हणून रोज पहाटे ठरावीक वेळीच मोजा.
- सामू : सिंचनासाठी ६ ते ८.५ दरम्यान असावा. अचानक मोठा बदल दिसला तर रासायनिक सांडपाण्याचा संशय घ्या.
- विद्युत वाहकता (ईसी) : ०.७५ डेसिसायमनपर्यंतचे पाणी बहुतेक पिकांना चालते. त्यापुढे निचरा पाहूनच वापरा. २.२५ च्या वरचे पाणी जमीन खारवण्याचा धोका वाढवते.

जागा कोणत्या निवडाव्यात?

किमान तीन : नाला मिळण्याच्या वर, नाल्याच्या लगेच खाली आणि बंधाऱ्याजवळ. वरचे पाणी चांगले आणि खालचे वाईट हा फरकच घाण कुठून येते ते सांगतो. एकाच जागेच्या आकड्यावर कोणाकडे बोट दाखवू नका.

वहीत तारीख, वेळ, जागा, तिन्ही आकडे, पाण्याचा रंग-वास आणि बरगे घातलेले की काढलेले हे लिहा. सोबत फोटो ठेवा. मीटर दर आठवड्याला प्रमाणित द्रावणावर तपासून घ्या.

या नोंदीचा उपयोग काय?

गावाची वही हा कायदेशीर नमुना नव्हे. न्यायालयात चालणारा नमुना १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानुसार मंडळाच्या अधिकाऱ्यानेच ठरलेल्या पद्धतीने घ्यावा लागतो. पण प्राणवायू घसरू लागताच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला आकड्यांसह लेखी कळवले, तर मासे मरण्याआधी नमुना घ्यायला लावता येतो. चार महिन्यांची वही ग्रामसभेपुढे ठेवली, तर ‘पाणी खराब आहे’ याऐवजी ‘अमुक जागी, अमुक तारखांना’ असे ठामपणे मांडता येते.

आपल्या शेताचाही हिशेब

केंदाळ वाढते ते नत्र आणि स्फुरदावर. त्याचा मोठा वाटा सांडपाण्यातून येत असला, तरी उसाला पाटाने भरमसाट पाणी आणि युरिया दिल्यावर वाहून जाणारे नत्रही नदीतच येते. त्यामुळे माती परीक्षणानुसार विभागून खत द्या, शक्य तिथे ठिबक वापरा आणि फवारणी पंप नदीत धुऊ नका. नुसते केंदाळ काढून नदी सुधारत नाही. त्याचे खाद्य तोडावे लागते.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रत्येक गावात दोन तरुणांना मीटर वापरायला शिकवावे. उपसा सिंचन संस्थांनी मीटरचा खर्च उचलावा, कारण पाणी बिघडले तर पहिला फटका त्यांच्याच सभासदांच्या जमिनीला बसतो. बरगे घालण्याआधीच वही सुरू करा, म्हणजे पाणी अडवण्यापूर्वीची नदीची स्थितीही नोंदीत येईल.