अडकलेलं बोट

आईच्या उजव्या हाताची अनामिका सकाळी मिटलेलीच असायची. डाव्या हाताने ती उघडायची, 'कट्' असं वाजायचं आणि दिवस सुरू व्हायचा. चार महिने तिने हे कुणाला सांगितलंच नाही! दुधाच्या पातेल्याला लावलेली सांडशी हातातून सुटेना, तेव्हा आम्हाला कळलं.

मग सल्ले सुरू झाले. तेल चोळा, रबरी चेंडू दाबा. चेंडूचं मला आजही हसू येतं. बोट वाकवणारी कंडरा तळहातात एका अरुंद कड्यातून सरकते. ते कडं जाड झालं, कंडरेवर गाठ आली, की ती तिथे अडते. दोऱ्याची गाठ सुईच्या नेढ्यात अडावी तशी. ताकद वाढवून काय होणार?

डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या: बोट सरळ ठेवणारी पट्टी, स्टेरॉईडचं इंजेक्शन, छोटं ऑपरेशन. आईने अर्थातच न टोचणारी वाट धरली. नुकत्याच सुरू झालेल्या दुखण्याला पट्टी कधीकधी पुरते. इथे सहा आठवडे गेले, आवाज तसाच.

'स्टेरॉईड' म्हटलं की आपल्याकडे लोक विष म्हटल्यासारखे दचकतात. पण तळहातात घेतलेलं एक इंजेक्शन आणि महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळ्या यांत फार फरक आहे. निम्म्याहून जास्त लोकांना त्याने आराम पडतो. उद्या माझं बोट अडकलं तर मी आधी तेच घेईन. आईची गोष्ट वेगळी, तिला पंधरा वर्षं मधुमेह. अशांना इंजेक्शनचा गुण कमी येतो, वर काही दिवस साखर चढते. म्हणून मी थेट ऑपरेशनच्या बाजूने उभा राहिलो. "बोटासाठी ऑपरेशन?" भाऊ चिडलाच. एकाच घरात दोन माणसांना दोन उत्तरं, हे त्याला पटेना.

त्यात तेवढाच भाग बधिर करतात, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा छेद घेऊन ते कडं मोकळं करतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम. क्वचित जंतुसंसर्ग होतो, बोट आखडतं, मज्जातंतूला इजा होते. हे मी डॉक्टरांकडून आईसमोरच वदवून घेतलं, कारण हात तिचा होता. ती म्हणाली, "करून टाका."

बोट त्याच दिवशी सुटलं. तळहात मात्र दीड महिना दुखरा होता, लाटणं धरवेना. याची कल्पना कुणी दिली नव्हती, त्याचा मला राग आहे.

परवा तिने हळूच डावा अंगठा पुढे केला. तोही वाजतो म्हणे.

"कधीपासून?"

"कालपासूनच रे."

तिचा 'काल' किती महिन्यांचा असतो, ते आता मला माहीत आहे. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.