अलिबागची घरे कोणासाठी?

मुंबईच्या इतके निकट असूनही मुंबईचे न होणे, हे अलिबागचे दीर्घकाळचे वैशिष्ट्य होते. मध्ये समुद्र होता. पावसाळ्यात लाँच बंद पडल्या की पेण-वडखळचा वळसा अटळ असे. हे अंतर आता आक्रसले आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह मांडव्याला नेणारी रो-रो सेवा सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. साहजिकच समुद्राकाठी स्वतःचे घर असावे, या मुंबईकराच्या हौसेला अलिबाग तालुक्यात मोठा वाव मिळाला. तथापि घरांची मागणी वाढणे आणि गाव समृद्ध होणे, या दोन गोष्टी एकच नव्हेत.

अलिबाग ही काही मुंबईची उपवसाहत म्हणून जन्मलेली वस्ती नव्हे. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते केंद्र होते. कुलाबा किल्ला त्या सामर्थ्याची साक्ष आजही देतो. १८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी खालसा केले, तरी जिल्ह्याचे ठाणे म्हणून गावाचे महत्त्व टिकले. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये येथे आणावी लागली. म्हणजे अलिबागची शांतता ही त्या काळी शास्त्राची गरज होती. आज तीच शांतता विक्रीची वस्तू झाली आहे.

याच तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. सुमारे सहा वर्षे त्यांनी शेते पडीक ठेवली, उपासमार सोसली, पण माघार घेतली नाही. कसेल त्याची जमीन या तत्त्वाला पुढे १९४८ च्या कूळकायद्याने आधार दिला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळे मालक ठरली. इतक्या कष्टाने हाती आलेली जमीन आता बिनशेती होऊन तुकड्या-तुकड्यांनी विकली जात आहे.

यात विकणाऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. भातशेतीचे उत्पन्न तुटपुंजे असताना अनेक पिढ्यांच्या कमाईइतकी रक्कम एकदम मिळत असेल, तर ती नाकारण्याचा उपदेश कोणी करावा? शिवाय बांधकामामुळे गवंडी, सुतार, माळी व दुकानदार यांना काम मिळते, हेही नाकारता येणार नाही. प्रश्न आहे तो जमिनीची किंमत कशावरून ठरते याचा. ती स्थानिक मिळकतीवरून न ठरता मुंबईच्या शिलकीवरून ठरू लागली, की गावचा शिक्षक, परिचारिका, मच्छीमाराचा मुलगा या बाजारातून आपोआप बाहेर फेकले जातात. थळच्या खत कारखान्याबरोबर पगार आले आणि कुरूळला कामगारांची वसाहत उभी राहिली. त्या घरांत वर्षभर चूल पेटते. आठवड्यातून दोन दिवस उघडणाऱ्या बंगल्याने वस्ती वाढत नाही, केवळ बांधकाम वाढते. पण पाणी, रस्ते व कचरा यांची व्यवस्था मात्र ग्रामपंचायतीला बारमाही करावी लागते.

वास्तविक ही भाववाढ मालकाच्या कर्तृत्वाने झालेली नाही. पूल, धक्का, रस्ते हे सार्वजनिक पैशातून उभे राहतात आणि त्यामुळे वाढलेले मूल्य खाजगी खिशात जाते. अर्थशास्त्रात यालाच अनार्जित मूल्यवृद्धी म्हणतात. तिचा काही भाग समाजाकडे परत वळविणे हे न्याय्य आहे. वर्षातील बहुतेक दिवस बंद असणाऱ्या दुसऱ्या घरावर चढी घरपट्टी लावावी; ती रक्कम त्याच गावच्या पाणीयोजनेवर खर्च व्हावी; आणि प्रत्येक नव्या मोठ्या प्रकल्पात काही घरे तेथेच राहणाऱ्या व काम करणाऱ्या कुटुंबांसाठी परवडणाऱ्या दराने राखून ठेवावीत. त्याचबरोबर किनारा नियमन क्षेत्राचे नियम सैल करण्याचा मोह आवरावा, कारण ज्या किनाऱ्यामुळे घराला किंमत येते तोच खचला तर घरही निरर्थक ठरेल.

अलिबागला बाहेरचा माणूस नवा नाही. अली नावाच्या बेने इस्रायली गृहस्थाच्या बागांवरून गावाचे नाव पडले, असे परंपरा सांगते. मात्र त्या अलीने येथे बाग केली आणि विहिरी खणल्या, अशीच त्याची आठवण सांगितली जाते. नव्याने येणाऱ्यांकडून गावाची अपेक्षा याहून वेगळी नाही.