नाटकाला माईक नको

करकंबात आणि आसपासच्या गावांत माझा मंडप-स्पीकरचा धंदा आहे. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या गॅदरिंगच्या तारखा एकमेकींवर आदळतात, तेव्हा घरी धड जेवायलाही फुरसत नसते. पुढं जे लिहितोय ते माझ्याच गल्ल्याच्या विरोधात जाणारं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

गॅदरिंगमधलं नाटक जवळजवळ संपलंय. सकाळीच एक सर पेनड्राइव्ह आणून देतात, गाणी कापून ओळीनं लावलेली. एक कोळीगीत, एक लावणी, एक शिवरायांचं, शेवटी ‘झिंगाट’. पोरं ओठ हलवतात, आवाज माझ्या स्पीकरमधून येतो. मधेच कुठंतरी दहा मिनिटांची नाटिका असते, स्वच्छतेवर नाहीतर ‘मुलगी वाचवा’वर. आणि नेमकी तीच पडते.

ती का पडते, हे मी मिक्सरमागं बसून बघत आलोय. स्टेज तीस फुटी, पुढं हजारभर माणूस आणि स्टँडचे दोन माईक. चौथीतला सरपंच माईककडं पळतो, वाक्य टाकतो, मागं सरतो. मग त्याची बायको पुढं येते. कुणी कुणाकडं बघत नाही, सगळ्यांचं लक्ष माईककडं. पोरगी बुटकी असली की माईक तिच्या कपाळाशी येतो, आणि कुणीतरी धावत जाऊन स्टँड खाली करेपर्यंत भांडणातला राग विरून गेलेला असतो. वरून माईक टांगले तर उघड्या मैदानात ते वारा घेतात, आवाज वाढवला की शिट्टी मारतात. मागून ‘आवाज, आवाज’ सुरू होतं. सर मला खुणावतात, मी पुढचं गाणं सोडतो. वर ऐकायला मिळतं, आमच्या पोरांना नाटक जमत नाही.

हे मला पटत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या केमच्या सोमनाथ अवघडेला नागराज मंजुळेंनी हलगी वाजवताना हेरलं, आणि ‘फँड्री’साठी त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सैराट’मधली रिंकू राजगुरू अकलूजची. ही पोरं इथलीच. फरक एवढाच, की कॅमेरा त्यांच्या जवळ गेला.

मुलांच्या नाटकासाठी आधी कुणी काही केलं नाही, असं नाही. सुधा करमरकरांनी 1959 साली मुंबईत लिटल थिएटर काढलं, रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ बसवलं. मोहन आगाशेंनी 1986 मध्ये जर्मनीतलं ग्रिप्स पुण्यात आणलं. कामं मोठी आहेत, पण ती नाट्यगृहं असलेल्या शहरांतली. 2015 साली पहिलं बालनाट्य संमेलन सोलापुरात भरलं, कांचन सोनटक्के अध्यक्षा होत्या. ते कौतुकाचंच, पण खेड्यातल्या शाळेला ना पडदा, ना विंगा. नाट्यगृह होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर आत्ताची पोरं बाप्ये होतील.

आणि थांबायचं कशाला? पंढरपूर शेजारी आहे. वारीच्या दिवसांत भारूड करणारा गडी साडी नेसून लोकांच्या रिंगणात उभा राहतो आणि समोरच्या म्हातारीलाच प्रश्न टाकतो. म्हातारी उत्तर देते, बाकीचे हसतात. त्याला माझी गरज पडत नाही.

म्हणून माझं म्हणणं, नाटक गॅदरिंगमधून बाहेर काढा. दुपारी व्हरांड्यापुढं, तीन बाजूंनी सतरंज्या, एका वेळी दोनच वर्ग बघायला. आणि एकदा करून सोडू नका, आठवडाभर वेगवेगळ्या वर्गांपुढं करा. पहिल्या दिवशी अडखळलेलं पोर चौथ्या दिवशी स्वतःचं वाक्य घालू लागतं. गॅदरिंगमध्ये त्याला चौथा दिवस मिळतच नाही. विषयही पोरांनाच काढू द्या. द्राक्षं नेऊन पैसे बुडवणारा व्यापारी पाचवीतली पोरं ‘मुलगी वाचवा’पेक्षा जास्त पोटतिडकीनं रंगवतील, कारण त्यावरून घरात झालेली भांडणं त्यांनी झोपेचं सोंग घेऊन ऐकलेली असतात.

पालकांना काय दाखवायचं, असं सर विचारतील. गाणी आहेतच की. मी गाण्यांच्या विरोधात नाही, माझी चूल त्यांच्यावर पेटते. ज्या आईबापांना नाटक बघायचंय, त्यांनी दुपारी येऊन पोरांच्या मागं सतरंजीवर बसावं.

सतरंज्या मी बिनभाड्यानं देईन. नेणं आणि झाडून परत आणणं शाळेकडं.