चौपाटी नको, फूड पार्क हवं!

ऑनसाइटहून परतलेला कुणीही वीकांताला भेटला की एक वाक्य ठरलेलं... "सिंगापूरसारखं पाण्याकाठी, मोकळ्या हवेत खाणं आपल्याकडे जमणारच नाही रे!"

मीही गेलोय तिकडच्या ईस्ट कोस्ट लगून फूड व्हिलेजला. समुद्राला खेटून स्टॉल्स, कुठे साटे, कुठे नूडल्स, टेबलं सगळ्यांची सामायिक. झकास आहे, वादच नाही.

पण मंडळी, ते आभाळातून पडलेलं नाही. तिथेही रस्तोरस्ती फेरीवालेच होते. १९७१ ते १९८६ या काळात सरकारने नळ, गटार, वीज असलेली केंद्रं बांधून त्यांना तिथे नेलं. २०२० मध्ये त्याच खाद्यसंस्कृतीला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

आणि आपण? गिरगाव-जुहूला समुद्र आहे, भेळ आहे, गोळा आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदाही आहे. शहराच्या समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे हवेत, असं त्यात चक्क लिहिलंय. पण भेळवाल्याची गाडी उचलली की "बरं झालं, घाण गेली" म्हणणारे आपणच. आणि तीच भेळ रंगवलेल्या कंटेनरमधून चौपट भावात मिळाली की फोटो काढणारेही आपणच!

स्वच्छता हवी? हवीच. मग भेळवाल्यासाठी नळ मागा, गटार मागा, परवाना मागा. गाडी उचलून हात स्वच्छ होत नाहीत, त्याला पाणी लागतं.

बघा पटतंय का.