बुणगे : पानिपतचे सोयीचे गुन्हेगार

१/ १४ जानेवारी जवळ आली की मराठी समाजमाध्यमांवर एक वाक्य हमखास उगवते : 'बाजारबुणग्यांमुळे पानिपत हरले.' लिहिणारा बहुधा विशीतला असतो आणि त्याच्या लेखी सैन्य म्हणजे घोड्यावर बसून तलवार चालविणारे तेवढेच. उरलेले सारे ओझे. इतिहास म्हणून हे वाक्य अपुरे आहे. वृत्ती म्हणून त्याहून वाईट आहे.

२/ 'बुणगे' ही मुळात शिवी नव्हे. फारसीतून आलेला हा शब्द लष्कराचे सामानसुमान आणि त्याबरोबर चालणारी माणसे, अशा दोन्ही अर्थांनी वापरला गेला. सडी फौज एकीकडे, बुणगे दुसरीकडे, एवढाच तो भेद होता. आज तोच शब्द राजकीय सभांत विरोधकाला हिणविण्यासाठी फेकला जातो आणि टाळ्या मिळतात.

३/ या शब्दाखाली कोण कोण गाडले गेले, ते पाहावे. पखालीतून पाणी वाहणारे, घोड्यांना नाल ठोकणारे, लोहार, खंदक खणणारे बेलदार, तंबू उभारणारे फरास, उंटांचे सारवान, माहूत, गाडीवान, गवत कापून आणणारे, बैलांच्या तांड्यांवर धान्य लादून फौजेमागे फिरणारे बनजारे. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचे गोडवे गाणाऱ्याने त्या तोफा पानिपतापर्यंत कोणी ओढल्या, हेही विचारावे. बैल होते, आणि बैलांमागे माणसे होती. छावणीभोवतीचा खंदकही सरदारांनी खणला नव्हता.

४/ यावर ठरलेला आक्षेप येतो : यात्रेकरू आणि कुटुंबकबिल्यांचे काय? आक्षेप खरा आहे. तीर्थयात्रेच्या आशेने आलेले लोक आणि सरदारांच्या घरच्या स्त्रिया फौजेबरोबर होत्या. त्यांच्यामुळे चाल मंदावली आणि खाणारी तोंडे वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यांना बरोबर घेण्याचा निर्णय कोणाचा? जड सामान आणि बायकामुले मागे सुरक्षित ठेवून सडे पुढे जावे, असा सल्ला सूरजमल जाटाने दिल्याचे साधने सांगतात. तो मानला गेला नाही. नालबंदाला हा सल्ला कोणी विचारला नव्हता. निर्णय वरच्यांचा असताना दोष खालच्यांच्या नावे टाकायचा, आणि त्यासाठी यात्रेकरू व कामकरी यांना एकाच शब्दात कोंबायचे, ही युक्ती इतकी सोयीची आहे की ती अडीचशे वर्षांहून अधिक काळ टिकली.

५/ दुसरा आक्षेप शिवाजी महाराजांच्या नावाने येतो : 'महाराजांनी बुणगे ठेवलेच नव्हते.' हे अर्धसत्य. सभासदाच्या बखरीत बायको, बटकी, कलावंतीण लष्करात नसावी असा नियम आहे, हे खरे. पण त्याच बखरीतील पागेची रचना मात्र कोणी वाचत नाही. २५ बारगिरांवर १ हवालदार, आणि तेवढ्याच घोड्यांमागे १ पखालजी व १ नालबंद. म्हणजे १,००० घोड्यांच्या तुकडीत ४० पाणके आणि ४० नालबंद, नेमून दिलेले. महाराजांनी कामकऱ्याला हाकलले नाही, त्याला रचनेत जागा दिली. बंदी चैनीवर होती, पाण्यावर नव्हती. अठरा कारखान्यांची यादी पाहिली तरी हेच दिसते : तोफखान्याच्याच पंक्तीत मुदबखखाना आहे, आबदारखाना आहे, अंबारखाना आहे.

६/ चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र तर प्रसिद्धच आहे, पण त्यातील रयतेविषयीचा भागच तेवढा सांगितला जातो. उरलेले पत्र दाणा आणि गवत यांविषयी आहे. पावसाळ्यासाठी साठविलेली वैरण आताच उधळली तर पुढे घोडी मरतील, मग शिपाई रयतेला लुबाडतील. कोणी गवताजवळ स्वयंपाक करील, कोणी तंबाखू ओढील, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी जळतील. राज्याचा धनी उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतो. आजचा इतिहासप्रेमी मात्र गवताचा विषय निघाला की पुढची पोस्ट उघडतो.

७/ पानिपतावर तलवार कमी पडण्याआधी दाणा कमी पडला होता. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतल्यावर धान्य मिळाले. पण त्याच महिन्यात अब्दालीने यमुना ओलांडली आणि दिल्लीचा रस्ता तुटला. आता रसदेची भिस्त गोविंदपंत बुंदेल्यांवर राहिली. रत्नागिरीकडील नेवऱ्याचे हे खेर मुळात वसुलीच्या कारभारातले गृहस्थ. भाऊसाहेबांची पत्रे त्यांना एकामागून एक जात : पैसा पाठवा, धान्य पाठवा, अब्दालीची रसद मारा. त्या पत्रांत ठपका पुष्कळ आहे. तरीही दुआबात उतरून पंतांनी अब्दालीच्या छावणीत दाणा महाग करून दाखविला. डिसेंबरात अताईखानाच्या फौजेने त्यांना अचानक गाठून ठार केले. त्यानंतर अब्दालीची रसद मोकळी झाली आणि मराठी छावणीत उपास सुरू झाले. या माणसाचे नाव पानिपतच्या वीरांच्या यादीत किती जण घेतात? 'हिशेबी कारकून' म्हणून हसणारे अधिक.

८/ पानिपतानंतर गेलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या सांकेतिक निरोपात मोत्यांची आणि मोहरांची संख्या आहे. खुर्दा किती गेला याला गणती नाही. निरोप धाडणाऱ्याची घाई समजण्यासारखी आहे. आजच्या लिहिणाऱ्याला कसली घाई?

९/ शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज पंडित त्या मोहिमेचा प्रत्यक्ष साक्षीदार. त्याच्या फारसी वृत्तांतात एक रात्र आहे. वेढ्याने कोंडलेल्या मराठी छावणीतून बुणग्यांचा मोठा जमाव लाकूडफाटा आणि चारा आणण्यासाठी बाहेर पडला. अंधारात शाहपसंदखानाच्या फौजेशी गाठ पडली आणि सारे कापले गेले. काशीराज २०,००० चा आकडा देतो. तो फुगविलेला मानून कितीही खाली आणला, तरी उरतात ती नि:शस्त्र माणसे, जी सरदारांच्या चुलीसाठी आणि घोड्यांच्या तोबऱ्यासाठी शत्रूच्या गस्तीत शिरली. काशीराज त्यांच्यापैकी एकाचेही नाव देत नाही. 'बुणग्यांमुळे हरलो' असे लिहिणाऱ्याने ती रात्र एकदा वाचावी. त्यानंतर काही दिवसांनी, दोन दिवसांचा उपास घडलेले लढवय्ये भाऊसाहेबांच्या तंबूत येऊन म्हणाले की उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. गवत आणणारे उरले नव्हते, आणि घोडी टाचा मारूनही नीट चालत नव्हती.