निवृत्तांच्या हाती काम असू द्या

गोव्यात सरकारी नोकर वयाच्या ६० व्या वर्षी निवृत्त होतो. माझे वडीलही तसे निवृत्त झाले, तेव्हा ‘आता केवळ विश्रांती घ्या’ असे सांगून आम्ही कुळागराच्या शिंपणासाठी गडी ठेवला. हेतू चांगला होता; परंतु परिणाम उलटा झाला. बाबा दिवसभर सोप्यावर बसून राहू लागले. त्यांचे बोलणेही उणावले.

एके दिवशी माझ्या मुलीने विचारले, “आजोबा, मिरवेल पोफळीवर का चढवतात?” बाबा उठले आणि तिला कुळागरात घेऊन गेले. पोफळीचा सरळ आधार व विरळ सावली मिरीला कशी मानवते, हे त्यांनी तिला दाखविले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शिंपण पुन्हा आपल्या हाती घेतले. यंदाच्या पावसाळ्यात त्यांनी माडाचे रोप लावले. उंच जातीचा माड फळाला येण्यास ६ ते ७ वर्षे लागतात, हे त्यांना पुरते ठाऊक आहे.

वृद्धांना विश्रांती हवी, हे खरे. परंतु तिच्या नावाखाली त्यांचे आवडते काम काढून घेण्याचा अधिकार आपणांस नाही, असे माझे मत झाले आहे. घरी जाल तेव्हा आपल्या आजीआजोबांना त्यांच्या कामातले काही विचारा आणि उत्तर पुरे होईपर्यंत त्यांच्यापाशी थांबा.