खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा मलावरोध

खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धाला भेटायला येणारे टाक्यांची आणि वॉकरची चौकशी करतात. शौचास झाली का, हे मात्र पोट फुगल्याशिवाय कोणी विचारत नाही. कन्येला वा सुनेला हे सांगण्याचा संकोच आपल्या वडीलधाऱ्यांना फार असतो.

पडून राहणे आणि कमी आहार यांमुळे आतडी मंदावलेली असतातच. त्यात ट्रामाडॉलसारखे अफूवर्गीय वेदनाशामक मिळाले की ती अधिकच शिथिल होतात, मळातील पाणी शोषले जाते आणि त्याचा खडा बनतो. लोहाच्या गोळ्या त्यात भर घालतात. म्हणून वेदनाशामक परस्पर बंद करू नका. वेदना असह्य असतील तर रुग्ण चालणार कसा? त्याऐवजी सोबत पोट साफ ठेवणारे औषध हवे का, हे रुग्णालयातून घरी निघण्यापूर्वीच विचारा. लॅक्ट्युलोजचा परिणाम दिसण्यास एक ते दोन दिवस लागतात. इसबगोल भरपूर पाण्याविना घेतल्यास आतच घट्ट गोळा होऊ शकतो, आणि रात्री कोणाला उठवायचे म्हणून पाणीच कमी पिणारे वृद्ध पुष्कळ आहेत. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

सर्वांत फसवी अवस्था वेगळीच आहे. चार-पाच दिवस शौचास होत नाही, आणि मग अचानक थोडेथोडे पातळ, वारंवार, कधी नकळत कपड्यांतही होऊ लागते. घरची मंडळी जुलाब समजून पोटाचे औषध थांबवतात, वर जुलाब बंद करणारी गोळी देतात. वस्तुतः गुदाशयात खडा अडकलेला असतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेने झिरपत असतो. त्या गोळीने अडथळा वाढतो. याच कारणाने लघवी तुंबते, क्वचित रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. डॉक्टरांनी बोटाने तपासणी केल्यास निदान बहुधा तिथेच होते. ती तपासणी नाकारू नका.

सकाळच्या चहा-न्याहारीनंतर आतड्यांना स्वाभाविक चालना मिळते. त्या वेळी रुग्णाला कमोडवर बसवावे, दार लोटून घ्यावे, पण हाकेच्या अंतरावर थांबावे. पायांखाली स्टूल घेण्याचा सल्ला हल्ली सर्वत्र ऐकू येतो. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी तो शल्यचिकित्सकांना विचारल्याविना पाळू नये. गुडघे खुब्याच्या वर गेल्यास सांधा निखळण्याचा धोका असतो. त्यांना उंच बैठकीचा कमोडच हवा.

एरंडेल किंवा घरच्या घरी एनिमा नको. मूत्रपिंड अशक्त असल्यास फॉस्फेटच्या एनिमाने रक्तातील क्षारांचे संतुलन धोकादायक रीतीने बिघडू शकते. उलट्या, ताणलेले पोट, वायूही न सरणे, तीव्र पोटदुखी किंवा शौचावाटे रक्त, यांपैकी काहीही दिसल्यास कोणतेही रेचक न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्या, आणि शेवटची शौच कोणत्या दिवशी झाली ते लिहून ठेवलेले असू द्या.